कोकणात ओटी टेक्निशियन व्हायचंय? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांबद्दल आधी हे वाचा

बारावीचे निकाल लागले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "ताई, एमबीबीएसला नंबर लागेल असं दिसत नाही. तुझ्या लाइनीत काय करता येईल?" मी सिंधुदुर्गात ऑपरेशन थिएटर टेक्निशियन आहे. मुंबईत शिकले, तिथेच काही वर्षं काम केलं आणि मग कुडाळ-कणकवली पट्ट्यातल्या रुग्णालयांत आले. माझं बहुतेक काम दुर्बिणीच्या, म्हणजे मोठा छेद न घेता कॅमेऱ्यातून बघत केलेल्या शस्त्रक्रियांचं: पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, गर्भपिशवी, मुतखडा. फोनवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शिक्षणाचं आधी उरकते. बारावी सायन्सला बायोलॉजी हवं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम आहे, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. २०२१ साली केंद्राने या व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामुळे मान्यता असलेल्या पदवीला इथून पुढे महत्त्व वाढत जाणार. 'सहा महिन्यांत ओटी टेक्निशियन, नोकरीची हमी' अशा जाहिराती बसस्टँडवर लागलेल्या दिसतात. तिथे पैसे भरण्याआधी संस्थेला एकच विचारा: कुठल्या रुग्णालयाच्या थिएटरमध्ये प्रत्यक्ष उभं करणार? नाव सांगता आलं नाही तर घरी या.

आता कामाबद्दल. ओटी टेक्निशियन म्हणजे डॉक्टरांच्या हातात कात्र्या देणारा, असा सर्रास समज आहे. पोट उघडून करायच्या ऑपरेशनमध्येही तो खरा नव्हता आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनला तर अजिबात लागू नाही. सर्जनचे हात पोटाबाहेर असतात आणि नजर मॉनिटरवर. चित्र गेलं, प्रकाश गेला किंवा गॅस गेला, की जगातला कितीही मोठा सर्जन जागच्या जागी थांबतो. त्या तिन्ही गोष्टी आपल्या ताब्यात असतात.

जर्मनीत कुर्ट झेम यांनी १९८० साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं आणि १९८५ साली एरिक म्युहे यांनी पित्ताशय. आपल्याकडे डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढलं, भारतातलं पहिलं. सरकारी रुग्णालयात, गरीब रुग्णांसाठी हे तंत्र चालू शकतं हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. माझ्यासारखी माणसं आज तालुक्याच्या गावात या कामावर पोट भरतात त्याची सुरुवात तिथे आहे, म्हणून हे नाव नव्या मुलांना मी आवर्जून सांगते.

थिएटरमध्ये एका ट्रॉलीवर मॉनिटर, कॅमेऱ्याचा कंट्रोल युनिट, लाइट सोर्स आणि पोटात गॅस भरणारा इन्सफ्लेटर रचलेला असतो. याला टॉवर म्हणतात. पहिले काही आठवडे दुसरं काही करू नका, टॉवर समजून घ्या. त्यातही इन्सफ्लेटर.

पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो पेट घेत नाही, त्यामुळे आत कॉटरी, म्हणजे विजेने कापणारं आणि रक्त थांबवणारं हत्यार, चालवता येते. रक्तात लवकर विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. मोठ्या माणसात दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर (पाऱ्याचे) ठेवतात. आता जमेल तिथे त्याहूनही कमी दाबावर काम करण्याकडे कल आहे, कारण नंतर दुखणं कमी राहतं. मशीनवर दाब आणि गॅसचा वेग हे दोन आकडे एकत्र वाचायला शिका. दाब जास्त आणि वेग शून्य, म्हणजे गॅसला वाट नाही: ट्रोकारचा (हत्यारं आत न्यायला पोटाच्या छिद्रात बसवलेल्या नळीचा) नळ बंद आहे, गॅसची नळी दुमडली आहे, गॅस सोडायची सुई चुकीच्या थरात आहे किंवा भूल हलकी होऊन रुग्णाचं पोट आवळलं आहे. हे शेवटचं भूलतज्ज्ञांना लगेच सांगायचं. दाब पडतोय आणि गॅस धो धो वाहतोय, म्हणजे कुठेतरी गळती: ट्रोकारचा वॉशर फाटलाय किंवा नळ उघडा राहिलाय. दोन्ही आकडे शून्य असतील तर सिलिंडर बघा. हे जमलं की सर्जनने "काय झालं?" विचारायच्या आत तुमचा हात योग्य जागी गेलेला असतो.

कॅमेऱ्याचंही तसंच. पांढऱ्या गॉजवर व्हाइट बॅलन्स केल्याशिवाय दुर्बीण आत जाऊ द्यायची नाही, नाहीतर रक्ताचा आणि पित्ताचा रंग फसवतो. छोट्या रुग्णालयात दुसरा सर्जन नसतो, म्हणून दुर्बीण धरायचं काम बरेचदा आपल्याकडे येतं. ३० अंशांच्या दुर्बिणीत भिंग तिरकं असतं आणि लाइटच्या केबलचा खांब ज्या बाजूला असतो त्याच्या उलट बाजूचं दिसतं. खांब वर तर नजर खाली. कॅमेरा सरळच ठेवायचा, फिरवायची ती केबल. घरी पुठ्ठ्याच्या खोक्यात वेबकॅम लावून, मॉनिटरकडे बघत मणी उचलायचा सराव करा. हाताला सवय तिथे लागते, रुग्णावर लावायची नाही.

भिंगावर धुकं येणं हा रोजचा त्रास. एसीतली थंड दुर्बीण उबदार पोटात गेली की वाफ धरते. म्हणून निर्जंतुक गरम पाणी जवळ ठेवायचं आणि टोक त्यात बुडवून पुसून घ्यायचं. टोक स्वच्छ पुसूनही चित्र धूसरच राहिलं, तर ओल दुर्बिणीचा मागचा डोळा आणि कॅमेरा यांच्या सांध्यात शिरलेली असते. आमच्याकडे जून-जुलैत हे हमखास होतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. सफाई.

दुर्बिणीच्या हत्यारांचे दांडे लांब, पोकळ आणि बारीक सांध्यांचे. रक्त आत सुकलं की निघत नाही. हत्यार टेबलावरून उतरलं की लगेच सुटं करायचं, एन्झाइमच्या द्रावणात टाकायचं, पोकळीतून ब्रश फिरवायचा, जबडा उघडून सांधा घासायचा. सलाइनमध्ये भिजत ठेवू नका, त्यातल्या मिठाने स्टीलला खड्डे पडतात. शेवटचं धुणं आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्याने. आमच्याकडे काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात लोह असतं, त्याचे तांबूस डाग हत्यारांवर बसतात आणि पुढे तिथेच गंज धरतो. मग हवेच्या दाबाने आतपर्यंत सुकवायचं. सुकवणं हा कोकणातला खरा कस आहे. प्लाझ्मा स्टरिलायझर हे निर्जंतुक करणारं उत्तम यंत्र आहे, नाजूक दुर्बीण कमी तापमानात तासाभरात तयार होते, पण आत थोडी जरी ओल राहिली तरी यंत्र सायकल मध्येच रद्द करतं. पावसाळ्यात सकाळची पहिली केस अशी अडकते, आणि दोष यंत्रात नसून आदल्या संध्याकाळच्या सुकवण्यात असतो. ईटीओ (एथिलीन ऑक्साइड) या निर्जंतुक करणाऱ्या गॅसमध्ये ओल तितकी आडवी येत नाही, पण नंतर हत्यारांतला गॅस निघून जायला कित्येक तास द्यावे लागतात.

बऱ्याच ठिकाणी अजून दोन केसच्या मध्ये दुर्बीण आणि हत्यारं ग्लुटरॲल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटं बुडवतात. वीस मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, पण बीजाणू (जंतूंचं कडक कवचातलं चिवट रूप) मरायला दहा तास लागतात, हे बाटलीवरच लिहिलेलं असतं. भारतात दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक विशिष्ट संसर्ग दिसत आला आहे. ऑपरेशन उत्तम होतं, जखम भरते, रुग्ण घरी जातो. काही आठवड्यांनी बेंबीजवळच्या छिद्रापाशी गाठ येते, ती फुटून पाणी वाहू लागतं, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने ते थांबत नाही. क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, पाण्यात आणि मातीत राहणारे हे जंतू. नीट न घासलेली हत्यारं, जुनं झालेलं द्रावण आणि साध्या पाण्याने केलेलं शेवटचं धुणं, या वाटांनी ते आत जातात. मग महिनोन् महिने औषधं. अर्ध्या सेंटिमीटरच्या छिद्रासाठी एवढा भोग एखाद्या बाईच्या वाट्याला आलेला मी जवळून पाहिला आहे. म्हणून सांगते, घाई आहे म्हणून कोणी घासायचा वेळ कमी करायला सांगितला तर नाही म्हणा. ज्युनिअर असलात तरी म्हणा.

पावसाळा आमच्याकडे आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. जाळी ओढून हर्निया झालेले मालवण-देवगड-वेंगुर्ल्याचे खलाशी याच दिवसांत ऑपरेशनला येतात, कारण एरवी बोट सोडून यायला त्यांना सवड नसते. बागायतदार आंबा उरकल्याशिवाय येत नाहीत, तेही याच सुमाराला. म्हणजे कामाची गर्दी आणि यंत्रांचे हाल एकाच वेळी. वीज जाते. जनरेटर काही सेकंदांत सुरू होतो, पण रक्तस्राव चालू असताना ते काही सेकंद काळोख परवडत नाही, म्हणून टॉवर यूपीएसवरच हवा. जुन्या झेनॉन दिव्याला तापलेला असताना पुन्हा पेटायला त्रास होतो, एलईडी लगेच लागतो. गॅसचं भरलेलं जादा सिलिंडर थिएटरच्या दारात हवं, कारण गाडी घाटातून येते आणि दरड कोसळली की वाट बघत बसावं लागतं. सिलिंडर रंगावरून ओळखू नका, लेबल वाचा. दुर्बिणी बंद पेटीत विसरल्या की भिंगांवर बुरशी धरते. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळच्या वेळी बदला.

नव्या तंत्रांबद्दल मुलं सगळ्यात आधी विचारतात, आणि उत्सुकता रास्त आहे. मला स्वतःला सर्वांत मोलाचं वाटतं ते आयसीजी, म्हणजे इंडोसायनिन ग्रीन. हिरव्या रंगाचं हे औषध शिरेतून आधी देतात, ते यकृतातून पित्तात उतरतं, आणि खास कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड प्रकाशात पित्तनलिका चमकते. पित्ताशयाच्या ऑपरेशनमधली सर्वांत गंभीर इजा म्हणजे मुख्य पित्तनलिका कापली जाणं, तिथे ही मदत फार मोठी. आपलं काम, औषध वेळेवर गेलं का हे पाहणं. अल्ट्रासॉनिक कात्री सेकंदाला पंचावन्न हजार वेळा कंप पावून पेशी कापते आणि रक्तवाहिनी मिटवते. प्रगत बायपोलर हे विजेवर चालणारं हत्यार ७ मिलिमीटरपर्यंतच्या रक्तवाहिन्या बंद करतं. मुतखडा फोडायला होल्मियम लेझरच्या जोडीला थुलियम फायबर लेझर आला आहे, त्याची तार इतकी बारीक की वळणाऱ्या दुर्बिणीतून मूत्रपिंडाच्या कोपऱ्यापर्यंत जाते. त्यानंतर आत ठेवलेल्या डीजे स्टेंटची (मूत्रवाहिनीतल्या तात्पुरत्या नळीची) नोंद वहीत ठेवा आणि रुग्णाला काढायच्या तारखेसाठी फोन करा. विसरलेला स्टेंट रुग्णाला फार महागात पडतो. रोबोटला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, आता गुरुग्रामच्या कंपनीचा भारतीय 'मंत्रा' रोबोटही आहे. रोबोटवर काम करायचं तर मुंबई-पुणे गाठा. पण तिथेही हत्यार घासायला लागतं, कॅमेरा पुसायला लागतो आणि गॅसचे आकडे वाचायलाच लागतात.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात पक्की करा. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण करावं लागलं, तर ते अपयश नव्हे. चिकटलेलं असलं, नीट दिसत नसलं, रक्त थांबत नसलं, की शहाणा सर्जन उघडतो. म्हणून उघड्या ऑपरेशनचा ट्रे प्रत्येक केसला तयार आणि मोजलेला हवा, आज सोपी केस आहे म्हणून आत कपाटात नको. सर्जनच्या तोंडून "ओपन" हा शब्द आला की एका मिनिटात टेबलावर सगळं मांडलेलं असलं पाहिजे.

रुग्णाशी बोलणं अभ्यासक्रमात फारसं नसतं, पण कामाचा मोठा भाग तोच आहे. एका आजीने टेबलावर माझा हात धरून विचारलं, "बाये, तो कॅमेरो पोटात इसरतलास तर नाय मां?" मी म्हटलं, "नाय आजी, आमी दोन दोन येळा मोजतांव." आणि तिच्यासमोरच गॉज मोजून दाखवले. मग ती भुलीला तयार झाली. ऑपरेशननंतर खांदा दुखतो, तो उरलेल्या गॅसमुळे, हे आदल्या दिवशीच घरच्यांना सांगून ठेवा. नाहीतर रात्री हार्ट अटॅक समजून सगळं घर घाबरतं. दुखणं वाढतच गेलं, पोट ताठ झालं, ताप आला किंवा दम लागला, तर मात्र डॉक्टरांना लगेच बोलवायचं, हेही त्याच वेळी सांगा.

नोकरीच्या मुलाखतीला गेलात की पगाराबरोबर हे विचारा: टॉवर यूपीएसवर आहे का? निर्जंतुकीकरणाला प्लाझ्मा आहे की ईटीओ, की फक्त द्रावण? हत्यारं कोण घासतं, आणि त्याला शिकवलं कोणी? कॉटरीच्या हत्यारांचं इन्शुलेशन कधी तपासतात? त्यावरचं प्लास्टिक नखाएवढं जरी उडालं तरी तिथून आतड्याला चटका बसतो आणि तो पडद्यावर दिसतसुद्धा नाही. या प्रश्नांनी मुलाखत घेणारे डॉक्टर खूश झाले तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी धरा, शिकायला मिळेल. वैतागले, तर पुढचं रुग्णालय बघा. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी, चिपळूण, सगळीकडे दुर्बिणीची कामं वाढली आहेत आणि चांगल्या हातांची गरज आहे.