लाईट गेली की रेडिओ गप्प

विश्रामबागेतल्या आमच्या घरी आईचा रेडिओ स्वयंपाकघरात असतो, सकाळी आकाशवाणी सांगली ठरलेलं. अ‍ॅडॉप्टरवर झकास चालायचा, पण लाईट गेली की गप्प. पिन काढली तरी गप्पच. "सेल बाद झाले असतील रे," आई म्हणाली. नवे चार टाकले, फरक शून्य.

शेवटी उघडला. अ‍ॅडॉप्टरची पिन बसते त्या सॉकेटला तीन पाय असतात. दोन अ‍ॅडॉप्टरचे, तिसऱ्याला सेलची मायनस वायर. पिन बाहेर असताना आतली पितळी पट्टी या तिसऱ्या पायाला टेकलेली असते. पिन घातली की ती बाजूला सरकते आणि सेलची जोडणी तुटते. आमची पट्टी काळी पडून वाकलेली. मल्टीमीटर लावला, बीपच नाही, म्हणजे जोड तुटलेला. बारीक पॉलिश पेपरने घासून पट्टी उचलली. दोन आठवडे चाललं, मग पुन्हा तेच.

गणपती पेठेतून नवं सॉकेट आणलं आणि घाईत डाग देताना पट्टीचा आणि सेलचा असे दोन पाय चिकटवून बसलो! रेडिओ दोन्हीकडे मस्त चालला, म्हणून खूश. तासाभराने मागे हात लावला तर सेल कोमट. अ‍ॅडॉप्टर साध्या सेलना चार्ज करत होता. असे सेल गळतात, फुटूही शकतात. जादा कथील काढलं. मग सेल बाहेर, अ‍ॅडॉप्टर बोर्डातून काढलेला पण पिन सॉकेटात, अशा स्थितीत सेलची मायनस स्प्रिंग आणि सर्किटचा मायनस तपासला. बीप नाही. पिन काढली, बीप आला.