व्हीगन भाचेजावयाचा पाच आठवड्यांचा पाहुणचार

2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे अधिक श्रावणात, माझी भाची आणि तिचा जर्मन नवरा पुण्यात आमच्या घरी पाच आठवडे मुक्कामाला होते. धोंड्याच्या महिन्यात जावई घरी येणे हा खरे तर योगच. पण हा जावई व्हीगन, म्हणजे मांस, मासे आणि अंडी तर नाहीतच, शिवाय दूध, दही, ताक, लोणी, तूप, साय, खवा, पनीर आणि मधही न खाणारा. पहिले चार दिवस मी त्याच्यासाठी वेगळा आणि घरच्यांसाठी वेगळा असा दोन स्वयंपाकांचा उद्योग केला आणि पुरती दमले. शिवाय आपल्यामुळे मावशीला दुप्पट काम पडते हे त्याच्या लक्षात येऊन तो जेवायला बसताना संकोचू लागला. पाचव्या दिवसापासून मी पद्धत बदलली आणि उरलेला महिना सुरळीत गेला. ज्यांच्याकडे असा पाहुणा दोन-चार दिवसांसाठी नव्हे तर महिनाभरासाठी येणार आहे, त्यांच्यासाठी ती पद्धत येथे लिहीत आहे.

स्वयंपाक सर्वांसाठी एकच करावा आणि दूध-तूप ज्याचे त्याने ताटात वरून घ्यावे, हे तिचे मुख्य सूत्र. मराठी स्वयंपाकात हे सहज शक्य आहे, कारण आपल्याकडे दुधाचे पदार्थ बहुधा शेवटी येतात: वरणावर तूप, थालीपिठावर लोणी, भाताच्या शेवटी ताक. पातेल्यात शिजताना त्यांची गरज क्वचितच पडते. पंजाबी धर्तीच्या ग्रेव्हीत लोणी-साय शिजतानाच पडते, म्हणून त्या वाटेला महिनाभर न जाणेच सोयीचे. फोडणी सर्वांसाठी तेलाचीच करावी, पोळ्यांना तूप लावण्याचे काम जेवणाच्या टेबलावर सोपवावे आणि तुपाचे भांडे ओट्यावरून उचलून टेबलावर ठेवावे. भांड्याची जागा बदलली की निम्म्या चुका आपोआप टळतात, कारण तूप घालणारा हात सवयीने घालतो, विचार करून नव्हे.

पाहुणा येण्यापूर्वी एकदा फोनवर सविस्तर बोलून घ्यावे. मध चालतो का, ज्या तव्यावर तूप लावले आहे तो चालतो का की स्वतंत्र तवा हवा, शेंगदाणे किंवा काजू यांची ॲलर्जी आहे का आणि सकाळी उठल्यावर काय लागते, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. शेंगदाण्याचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण दाण्याच्या कुटाशिवाय आपले पान हलत नाही. घरातील ज्येष्ठांना मात्र हा प्रकार समजावून सांगावा लागतो. माझ्या सासूबाईंनी ‘व्हीगन’ म्हणजे जैन असे गृहीत धरून दोन दिवस बटाट्याची भाजीच होऊ दिली नाही. कांदा, लसूण, बटाटा आणि सुरण यांना व्हीगन माणसाची काहीच हरकत नसते, हे स्पष्ट सांगावे.

स्वयंपाकाच्या मावशी येत असतील तर त्यांना शब्द शिकवू नये, वस्तू सांगाव्यात. ‘दूध, दही, ताक, लोणी, तूप, साय, खवा, पनीर, मध’ असा कागद मी फ्रिजवर चिकटवला होता. तेवढ्याने काम झाले, तरी दोन ठिकाणी चूक झालीच. मावशींनी पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून कणीक दुधात भिजवली आणि पालकाच्या पातळ भाजीला सवयीने ताक लावले. त्यानंतर आमच्याकडे पालकाला चिंच-गुळाचे पाणी आणि डाळ-दाणे, हा अळूच्या फदफद्याचा मार्ग सुरू झाला.

विकतच्या पदार्थांबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका हा केवळ शाकाहाराचा आहे. दूध आणि मध असलेल्या पदार्थावरही तो असतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांसाठी 2022 मध्ये स्वतंत्र नियम केले आणि त्यांच्यासाठी पान असलेले हिरव्या रंगातील इंग्रजी ‘व्ही’ हे चिन्ह ठरवले, पण ते नसलेले अनेक पदार्थही प्रत्यक्षात चालण्यासारखे असतात. म्हणून घटकांची यादी वाचावी आणि ॲलर्जीच्या सूचनेत दुधाचा उल्लेख आहे का तेही पाहावे. बिस्किटे, टोस्ट, काही ब्रेड आणि मसाला लावलेले वेफर्स यांत दुधाची पावडर किंवा दुधाचे घनपदार्थ निघतात. घरच्या साठवणीत धोका एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे सांडगी मिरची, कारण ती बहुधा दह्या-ताकात मुरवलेली असते. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या आणि उडदाचे पापड निर्धास्त वाढावेत.

आता रोजच्या जेवणाविषयी. सकाळी पोहे, तिखटमिठाचा सांजा, आंबोळी, घावन, धिरडे किंवा थालीपीठ यांपैकी काहीही मुळातच चालते. उपम्यात ताक घालण्याची सवय असल्यास त्याऐवजी लिंबू पिळावे. थालीपिठाबरोबर लोण्याच्या जागी ओल्या नारळाची चटणी किंवा कच्चे तेल घातलेली लसणाची चटणी द्यावी. दुपारच्या जेवणात रोज एक डाळ आणि आठवड्यातून किमान चार वेळा मोड आलेल्या कडधान्याची उसळ असावी, कारण दूध-पनीर वगळल्यावर प्रथिनांचा भार डाळी, कडधान्ये, शेंगदाणे आणि सोयाबीन यांच्यावरच येतो. मटकी, मूग आणि चवळी झाली की वालाचे बिरडे करावे, मालवणी पद्धतीचे काळ्या वाटाण्याचे सांबार करावे, कुळथाचे पिठले भाताबरोबर द्यावे. खानदेशी वांग्याचे भरीत, भरली वांगी, झुणका-भाकरी, पाटवड्यांची रस्साभाजी, अळूवडी आणि कोथिंबीरवडी या पदार्थांत दुधाचा थेंबही नसतो. मासवडीचे नाव ऐकून आमचा पाहुणा दचकला होता; तिच्यात बेसनाच्या वेष्टणात तीळ, सुके खोबरे आणि कांदा-लसणाचे सारण असते हे कळल्यावर त्याने ती तीनदा मागून घेतली.

कोशिंबीर आणि ताक ही मात्र खरी अडचण. काकडीची कोशिंबीर दह्याऐवजी कूट, ओले खोबरे, लिंबू आणि तेलाची हिंग-मिरचीची फोडणी घालून खमंग काकडी म्हणून करावी. गाजर, कोबी आणि बीट यांनाही हाच न्याय लावावा. जेवणाच्या शेवटी ताकाच्या जागी सोलकढी द्यावी. आमसुले आणि नारळाचे दूध यांची ही कढी पाहुण्याला इतकी आवडली की घरातील ताकाचा खप कमी झाला. सोलकढी उकळू नये, कारण आच लागली की नारळाचे दूध फाटते. कॅल्शियमचा विचार करायचा तर नाचणीकडे वळावे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि भाकरीबरोबर तिळाची चटणी असली तर त्यात आणखी भर पडते. ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, त्यामुळे व्हीगन माणूस बहुधा त्याच्या गोळ्या घेतच असतो. जेवणाच्या पानावर त्याची त्याविषयी उलटतपासणी घेऊ नये.

दह्याची हौस भागवायचीच असेल तर शेंगदाण्याचे दही घरी लावता येते. एक वाटी कच्चे दाणे सहा-सात तास भिजवून, सालपटे काढून, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून गाळून घ्यावेत. हे दूध ढवळत राहून पाच-सात मिनिटे उकळावे, कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरचीची आठ-दहा देठे बुडवून भांडे उबदार जागी रात्रभर झाकून ठेवावे. देठांवरचे जिवाणू विरजणाचे काम करतात, आणि पहिल्यांदा लागलेल्या दह्यातला चमचाभर पुढच्या वेळी विरजण म्हणून वापरता येतो. पावसाळ्यात त्याला वेळ अधिक लागतो. दाण्याचा वास थोडा राहतोच, त्यामुळे हे दही नुसते खाण्यापेक्षा बेसन लावून कढी केली तर अधिक चांगले लागते असे माझे मत आहे; घरच्या मंडळींचे मत याहून प्रतिकूल होते.

चहाला मात्र थोडा अधिक वेळ द्यावा लागतो, कारण लांबच्या मुक्कामात दिवसाला दोन म्हटले तरी पाच आठवड्यांत सत्तर कप होतात. सोयाबीनचे दूध उकळत्या चहात घातले की चहातील आम्ल आणि उष्णता यांमुळे फाटते आणि कपात गुठळ्या तरंगतात. ओटचे दूध त्या मानाने टिकते, परंतु तेही चहाबरोबर उकळू नये. वेगळे गरम करून, चहा गाळल्यावर, शेवटी हळूहळू ओतावे. बदामाचे दूध आपल्या कडक चहापुढे फारच पातळ पडते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे गवती चहा आणि आले उकळून, चहापत्ती कमी वेळ ठेवून केलेला कोरा चहा. पुढे पुढे आमच्याकडे एकाच पातेल्यात बिनदुधाचा चहा होऊ लागला. पाहुण्याचा कप आधी गाळला जाई आणि उरलेल्यात आमचे दूध पडे.

बाहेर जाताना ‘व्हीगन आहे’ असे सांगण्यापेक्षा काय नको ते सांगावे. उडपी हॉटेलात इडली-चटणी आणि तेलावरचा साधा डोसा मिळतो, पण बटर घालू नये हे आधी सांगावे लागते, आणि रस्समची फोडणी तुपाची नाही ना हेही विचारावे. मिसळीवर दही नको म्हणावे. मिठाईच्या दुकानात तुपाशिवायची चिक्की सोडली तर काही शोधत बसू नये. नातेवाइकांकडे जेवणाचे बोलावणे असेल तर आदल्या दिवशी फोन करून ‘वरण-भात, एखादी उसळ आणि तेलाच्या फोडणीची भाजी एवढेच करा’ असे तीन पदार्थांचे नाव घेऊन सांगावे. यजमानीण नव्या शब्दाने गोंधळते. पदार्थांच्या नावाने ती निश्चिंत होते. तरीही आग्रह होतोच. ‘घरचे तूप आहे हो, एवढेसे चालेल’ असे म्हणत एका मावशीने माझ्या डोळ्यांदेखत भातावर धार धरली, तेव्हा मी पुढे होऊन ते पान माझ्याकडे ओढले. ही जबाबदारी यजमानाचीच आहे. पाहुण्याला स्वतःहून नाही म्हणायला लावू नये.

पूजेच्या दिवशी पंचामृत या शब्दाचा घोटाळा होतो. तीर्थाचे पंचामृत दूध, दही, तूप, मध आणि साखर यांचे असते, त्यामुळे ते त्याला देता येत नाही. गुरुजींना आधी सांगून त्याच्या हातावर तुळशीचे पाणी दिले तर कोणाचाच अवमान होत नाही. जेवणाच्या पानात डावीकडे वाढले जाते ते मिरची, चिंच, गूळ, तीळ, खोबरे आणि दाणे यांचे पंचामृत मात्र त्याने खुशाल खावे.

गोडाधोडाचे उत्तर कोकण आणि गोव्यात सापडते, कारण तिकडे दुधाची जागा नारळाने घेतलेली आहे. गुळाच्या गोड नारळरसातले शिरवाळे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि हरभऱ्याची डाळ व नारळाचे दूध घालून केलेले मणगणे तुपाशिवाय उत्तम होतात. पुरणपोळी तेलावर भाजून नारळाच्या दुधाबरोबर वाढावी. कोकणात ती तशी खाल्लीच जाते. उकडीच्या मोदकांच्या उकडीत तुपाऐवजी चमचाभर खोबरेल घालावे.

धोंड्याच्या वाणातल्या 33 अनारशांचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला होता. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवून, निथळून, कुटून, त्यात गूळ मिसळून पीठ मुरत ठेवले आणि तुपाचे मोहन वगळले. थापताना पीठ कोरडे वाटले तेव्हा दुधाऐवजी पिकलेले केळे जेमतेम ओलावा येईल इतकेच मळून घातले, आणि तळण शेंगदाण्याच्या तेलात केले. केळे जास्त झाले की अनारसा तेलात विरघळतो, म्हणून आधी एकच तळून पाहावा. जाळी छान पडली. तुपातल्या अनारशाचा सुवास त्यांना नव्हता हे मान्य करते, पण माझ्या बहिणीने दिव्यासह वाण दिले तेव्हा जावयाला त्यातला प्रत्येक अनारसा खाता आला.

निघताना बरोबर देण्याच्या शिदोरीत जवसाची, कारळ्याची आणि लसणाची चटणी, मेतकूट, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि कुळथाचे पीठ ठेवावे. प्रवासाच्या दशम्या करायच्या असतील तर त्यांची कणीक परंपरेने दुधात भिजवतात हे विसरू नये. ती गुळाच्या पाण्यात किंवा नारळाच्या दुधात भिजवावी, आणि नारळाच्या दुधातल्या दशम्या त्याच दिवशी संपवाव्यात.