डॅटसन २४०झेडला टोयोटा ट्रकचे कॅलिपर: पुढचे ब्रेक कसे बदलायचे

१९७० ते १९७३ च्या डॅटसन २४०झेडवाल्यांमध्ये पुढे टोयोटाचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) टाकायचा हा बदल अमेरिकेत कितीतरी वर्षं चालत आलाय आणि अजूनही लोक करतात, कारण स्वस्त आहे, वेल्डिंग नाही, आणि नीट केला तर फरक कळतो. इकडे कॅलिफोर्नियात वगैरे राहणारे आपले काही मराठी लोक जुन्या जपानी गाड्यांच्या नादाला लागलेत, त्यांच्यासाठी एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

गाडी मुळात हलकी, हजार-अकराशे किलोच्या आतबाहेर, २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, पुढे २७१ मिमीची सॉलिड डिस्क आणि दोन पिस्टनचा कॅलिपर, मागे ड्रम. त्या काळच्या बारीक टायरांना हे पुरेसं होतं. आता बहुतेकांनी टायर चांगले घातलेत, इंजिनवर काम केलंय, आणि मग डोंगरातला लांब उतार लागला की पेडल खाली जायला लागतं आणि पाय घाबरतो.

टोयोटाचे कॅलिपर बसतात कसे हा प्रश्न पहिला येतो. दोन्ही गाड्यांचे कॅलिपर सुमितोमोचे. १९७९ ते १९८५ च्या टोयोटा फोर बाय फोर पिकअपला, म्हणजे आपण हायलक्स म्हणतो तिला, सुमितोमोचाच चार पिस्टनचा कॅलिपर होता, त्याच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर डॅटसनशी जुळतं आणि तोही सॉलिड डिस्कसाठीच बनवलेला, त्यामुळे तुमच्या आहे त्याच डिस्कवर बसतो.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गाडी शेवटी टायर थांबवतो, कॅलिपर नाही. तुमचे आत्ताचे ब्रेक चाक लॉक करू शकत असतील तर मोठ्या कॅलिपरने थांबायचं अंतर जादूने कमी होणार नाही. मिळतं काय, तर पॅड मोठा, चार पिस्टनमुळे पॅडवर दाब सारखा पडतो, आणि पायाला जास्त भरवसा वाटतो. डिस्क तीच राहते म्हणजे उष्णता साठवायची ताकद पण तेवढीच राहते, म्हणून ट्रॅकवर दिवसभर पळवायची असेल तर हा बदल पुरणार नाही, तिथे हवेशीर डिस्कच (मधून हवा खेळणारी, पोकळ) पाहिजे.

आधी हे तपासा, मग पैसे खर्च करा

माझं ठाम मत आहे की "ब्रेक कमकुवत आहेत" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा कॅलिपरमध्ये नसतंच. रबरी होज पन्नास वर्षांचे असतील तर दाब दिला की ते फुगतात आणि पेडल स्पंजी लागतं. मागचे ब्रेक शू नीट अ‍ॅडजस्ट नसतील तर शू ड्रमला टेकेपर्यंतच अर्धं पेडल खाली जातं, आणि लोक मात्र पुढचे कॅलिपर बदलायला निघतात. ब्रेक ऑइल काळं पडलंय का, बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) चालतोय का तेही बघा. बूस्टर बघायची सोपी पद्धत म्हणजे इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबायचं, मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करायचं, पेडल थोडं आपोआप खाली गेलं म्हणजे बूस्टर ठीक. हे सगळं नीट करून, नवे पॅड टाकून गाडी चालवून बघा. तरी कमी वाटलं तर पुढे जा.

कोणता कॅलिपर घ्यायचा

कॅलिपरच्या अंगावर ओतीव अक्षरं असतात, ती बघायची. आपल्याला पाहिजे तो एस१२+८, सॉलिड डिस्कवाला. एस१२डब्ल्यू हा नंतरच्या ट्रकांचा, तो जाड हवेशीर डिस्कसाठी आहे, तो घेतलात तर सोबत १९८४ च्या निस्सान ३००झेडएक्सच्या डिस्क आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि डिस्कच्या मध्ये टाकायचा स्पेसर लागतो, काम आणि खर्च दोन्ही वाढतात. त्याहून मोठा एस१३डब्ल्यूबी पण असतो, रस्त्यावरच्या गाडीला त्याची काही गरज नाही.

पार्ट्सच्या दुकानात मागताना डॅटसनचं नाव काढू नका, काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरवर शोधत बसेल आणि मिळणार काही नाही. सरळ "१९८४ टोयोटा पिकअप, फोर व्हील ड्राइव्ह, पुढचे कॅलिपर, डावा आणि उजवा" असं सांगा. टू व्हील ड्राइव्हवाला वेगळा असतो, तो चालत नाही. रीबिल्ट केलेले मिळतात आणि त्यावर "कोर" म्हणून डिपॉझिट घेतात, ते जुना कॅलिपर दिला की परत मिळतं, पण जुना टोयोटाचाच लागतो, डॅटसनचा चालत नाही, म्हणून स्वस्तात भंगारातला एखादा जोड मिळाला तर कोरसाठी उपयोगी पडतो. पॅड आणि पॅडच्या पिना-क्लिपा पण त्याच टोयोटाच्या घ्यायच्या.

बाकी सामान: दोन नवे पुढचे ब्रेक होज (मूळ गाडीत रबरी होज स्ट्रटपर्यंत (सस्पेन्शनचा उभा दांडा) येतो आणि तिथून छोटा लोखंडी पाइप कॅलिपरला जातो, स्टीलच्या जाळीचा लांब होज घेतला तर तो सरळ कॅलिपरला लागतो आणि पाइप वाकवायची कटकट वाचते), डॉट ३ किंवा डॉट ४ चं सीलबंद ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनर, पाइपच्या नटासाठी फ्लेअर पाना, टॉर्क रेंच, आणि दोन मजबूत जॅक स्टँड. डॉट ५ म्हणजे सिलिकॉनवालं ऑइल यात मिसळू नका, नंबर वाढला म्हणजे चांगलं असं नसतं.

एक काम विसरू नका, चाक. मूळ १४ इंची लोखंडी चाकात एस१२+८ मावतो, पण १४ इंची काही अलॉयमध्ये आतून घासतो. कॅलिपर हातात आला की बोल्टवर तात्पुरता लावून चाक चढवून हाताने फिरवून बघा, आणि मगच जुने पाइप सोडा.

आता काम

आदल्या रात्री पाइपच्या सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. यात आळस केला तर दुसऱ्या दिवशी नट कडा झिजून गोल होतो किंवा पाइपच पिळून तुटतो, आणि मग एका कॅलिपरसाठी बॉडीपर्यंतचा पाइप नवीन करायची वेळ येते.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांखाली पुढून-मागून ठोकळे, चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग उचलून जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून कधीच काम करू नका. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी, म्हणजे काही शंका आली तर बघायला एक जुळलेली बाजू समोर असते.

बॉडीच्या ब्रॅकेटजवळ लोखंडी पाइपचा नट फ्लेअर पान्याने सोडा, होजची क्लिप ओढून काढा, पाइपच्या तोंडाला रबरी टोपी लावा नाहीतर सगळं ऑइल खाली येईल. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतो, लगेच पाण्याने धुवा. मग मागून कॅलिपरचे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर बाहेर घ्या.

आता डिस्क बघा. नवीन असताना साडेबारा मिमी असते आणि साडेदहाच्या खाली गेली की बदलायचीच. २४०झेडमध्ये डिस्क हबच्या मागून बोल्टने लावलेली असते, म्हणजे ती बदलायची तर हब काढावं लागतं, बेअरिंग साफ करून नवं ग्रीस, नवी कॉटर पिन, सगळं आलं. डिस्क चांगली असेल तर हात लावू नका, नुसती ब्रेक क्लीनरने पुसून घ्या.

डिस्कच्या मागे पत्र्याची धूळ अडवायची प्लेट असते, नवा कॅलिपर तिला अडतो. काही जण वाकवतात, काही जण कॅलिपरच्या जागेपुरती कापतात. मी कापायच्या बाजूचा आहे, वाकवलेला पत्रा कधीतरी परत डिस्कला लागून किरकिर करतो. कापलेली कड कानसून गुळगुळीत करा आणि थोडा रंग मारा.

मग नवा कॅलिपर. इथे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. डावा-उजवा उलटा लावला तरी कॅलिपर बसतो, बोल्ट लागतात, सगळं बरोबर दिसतं, फक्त निपल खाली जातं आणि वरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा कितीही पंप केलं तरी निघत नाही, पेडल मऊच राहतं. म्हणून बोल्ट कसण्याआधी एकदा बघाच. पॅड न घालता डिस्क फिरवा, कॅलिपरच्या दोन्ही बाजूंना अंतर साधारण सारखं दिसलं पाहिजे, कुठेच घासता कामा नये. बोल्ट साफ, आटे चांगले, आणि पूर्ण आत जातायत याची खात्री करून टॉर्क रेंचने कसा. मूळ मॅन्युअलमध्ये कॅलिपरच्या बोल्टला ७.३ ते ९.९ किलोग्रॅम-मीटर दिलंय, म्हणजे ७२ ते ९७ न्यूटन-मीटर. कॅलिपरचे दोन अर्धे जोडणारे बोल्ट मात्र अजिबात सोडायचे नाहीत.

पॅड, पिना, क्लिपा बसवा. पॅडच्या पृष्ठभागाला ग्रीसचा हात लागू देऊ नका. होज जोडल्यावर स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, होज कुठे ताणला जातोय का, टायरला किंवा स्प्रिंगला लागतोय का. चाक लटकलेलं असताना पण बघा आणि जॅकने स्ट्रट वर दाबून पण बघा. दोन्ही बघणं जरुरी आहे, कारण सरळ चाकात छान दिसणारा होज वळणावर खड्ड्यात गेल्यावर घासतो.

मास्टर सिलिंडर बदलायचा का

मास्टर म्हणजे पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा सिलिंडर. मूळ मास्टर ७/८ इंची. नव्या कॅलिपरना थोडं जास्त ऑइल लागतं म्हणून पेडल थोडं लांब जाऊ शकतं. पुष्कळ लोक १९७९ ते १९८१ च्या २८०झेडएक्सचा १५/१६ इंची मास्टर टाकतात. त्याने पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १५ टक्के वाढतं, पेडल घट्ट आणि वर राहतं, पण तेवढाच दाब आणायला पायाला जास्त जोर लावावा लागतो, हे फुकट मिळत नाही. माझा सल्ला, आधी जुन्या मास्टरवरच चालवून बघा, मास्टर चांगला असेल आणि पेडल आवडलं तर ठेवा तसाच.

बदललाच तर बूस्टरच्या तोंडातून बाहेर आलेला दांडा ओढू नका. त्याच्या मागे बूस्टरच्या आत रबराची एक छोटी चकती असते, दांडा ओढला गेला की ती सुटून आत पडते, आणि मग पेडलला नुसता पाय लागला तरी गाडी नाकावर आदळल्यासारखी थांबते. मूळ कारण कळेपर्यंत माणूस पॅड, कॅलिपर, सगळ्याला दोष देत बसतो. नवा मास्टर गाडीत लावायच्या आधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढून घ्या. पाइप थोडे हलक्या हाताने वाकवून जुळवावे लागतील.

हवा काढणे

एकाने पेडल, एकाने निपल. डावीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीत मागचा उजवा, मागचा डावा, पुढचा उजवा, पुढचा डावा, म्हणजे मास्टरपासून सगळ्यात लांबचा आधी. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. पेडल दाबून धरायचं, निपल उघडायचं, बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. मास्टरमधलं ऑइल संपू द्यायचं नाही, एकदा हवा आत गेली की पहिल्यापासून सुरुवात. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये बुडबुडे चिकटून राहतात, रबरी हातोडीने कॅलिपरला हलकेच ठोकत राहिलं की सुटतात. शेवटी पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा, हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर आतून गेलाय, गाडी बाहेर काढायची नाही. सगळ्या जोडांना कोरडं टिश्यू लावून बघा, ओलं झालं तर परत कसा.

चालवून बघणे

आधी मोकळ्या पार्किंगमध्ये पायी चालण्याच्या वेगाने. मग रिकाम्या, कोरड्या, सरळ जागी थोड्या वेगात जोरात ब्रेक मारा आणि बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा की आधी कोणती चाकं लॉक होतात. पुढची आधी झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर गाडी फिरते, तेव्हा ती रस्त्यावर न्यायचीच नाही, मागचे ड्रम आणि मागच्या ब्रेकचा दाब मर्यादेत ठेवणारा प्रेशरचा व्हाल्व्ह तपासा. उलट पुढची फारच लवकर लॉक होत असतील तर मागचे शू कामच करत नाहीयेत असा अर्थ असतो बऱ्याचदा.

नवे पॅड डिस्कशी नीट जुळून यावेत म्हणून ताशी ५० किमीवरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्यायचं. गरम असताना पेडल दाबून उभं राहू नका, पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो आणि नंतर पेडल थरथरतं.

भारतातल्या वाचकांना एक सांगतो, दुसऱ्या मॉडेलचे ब्रेक आपल्या गाडीला टाकायचं डोक्यात असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आणि आरटीओत विचारा, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. आणि विमा कुठल्याही देशातला असो, बदल कळवून ठेवा.

शंभरेक किलोमीटर झाले की चाकं परत काढा, कॅलिपरचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, होजवर कुठे घासल्याची खूण आहे का बघा, दोन्ही बाजूंचे पॅड सारखे झिजतायत का बघा, आणि मास्टरमधली ऑइलची पातळी खाली गेली असेल तर नुसतं भरून मोकळं होऊ नका, कुठे गेलं ते शोधा.