कंपायलर नवा, डिबगर जुना? या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव भागात मशीनच्या कंट्रोलसाठी सी आणि सी++ लिहिणाऱ्या पोरांची एक नेहमीची तक्रार, कोड कंपाइल होतोय, चालतोय पण झकास, फक्त जीडीबी या डिबगरमध्ये (चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं टूल) लाइन नंबरवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, लागंना. मग दोन दिवस कोडमध्येच खोट शोधत बसायचं. भावांनो, आधी कंपायलर आणि डिबगर, दोघांची व्हर्जन बघा!

जीसीसी या कंपायलरच्या ११ व्या व्हर्जनपासून, म्हणजे २०२१ पासून, लिनक्सवर डिबग माहिती (मशीन कोड कुठल्या ओळीचा, हे डिबगरला सांगणारी) डीफॉल्टनं ड्वार्फ ५ या फॉरमॅटमध्ये निघते, क्लँग या दुसऱ्या कंपायलरनं २०२२ ला १४ व्या व्हर्जनपासून तेच केलं. ती वाचायला जीडीबी किमान ८.० लागतो, मेमरीच्या चुका शोधणारा व्हॅलग्रिंड ३.१७ लागतो. आणि फॅक्टरीतल्या जुन्या सेंटओएस ७ लिनक्सवर जीडीबी ७.६ आहे, तो "राँग व्हर्जन इन कंपायलेशन युनिट हेडर" म्हणतो आणि पुढं ५ चा आकडा दाखवतो. कोड बरोबर असतो, वाचणारा जुना असतो एवढंच. जीडीबी नवा टाका, तेच बरं. मशीनला हात लावायची परवानगी नसेल तर कंपाइल करताना जुन्या ड्वार्फ ४ चा फ्लॅग (कमांडमधला पर्याय) द्या, पण तो फक्त तुम्ही स्वतः कंपाइल केलेल्या फायलींनाच लागू होतो, व्हेंडरनं दिलेली तयार लायब्ररी आहे तशीच राहते, हे लई जण विसरतात. रीडएल्फ या कमांडनं प्रत्येक युनिटचं (कंपाइल केलेल्या एकेका सोर्स फाइलचं) ड्वार्फ व्हर्जन दिसतं, तिथं खात्री करा.

व्हेरिएबलपुढं "ऑप्टिमाइज्ड आउट" आलं तर तो व्हर्जनचा घोळ नाही, कंपायलरनं कोड वेगवान करताना ते काढून टाकलंय, डिबगिंगसाठीच्या ओ-जी लेव्हलवर बिल्ड करून बघा.

कंपायलर बदलला की क्लीन बिल्ड (जुनं पुसून सगळं पहिल्यापासून कंपाइल) कराच, एलटीओच्या (लिंक करताना होणाऱ्या ऑप्टिमायझेशनच्या) जुन्या ऑब्जेक्ट फायली नव्या व्हर्जनला चालत नाहीत.

आता प्री-रिलीज, म्हणजे रिलीजआधीचा कंपायलर. जीसीसीच्या व्हर्जन नंबरात शेवटी .०.० असेल तर डेव्हलपमेंट चालू आहे, .०.१ म्हणजे रिलीज जवळ आलंय, आणि लोकांसाठीचं पहिलं रिलीज .१ असतं. असला बिल्ड सिस्टिमच्या कंपायलरवर टाकू नका, लिनक्सच्या ऑप्ट डिरेक्टरीत वेगळा फोल्डर करून ठेवा, नाहीतर सगळ्या मशीनचा खेळखंडोबा. कंपाइलचा वेळ मोजून "नवा स्लो आहे" असंही ठरवू नका, कारण डेव्हलपमेंट बिल्डमध्ये आतल्या जादा तपासण्या चालू ठेवलेल्या असतात, त्या रिलीजमध्ये बहुतेक बंद होतात.

आणि नव्या एररला लगेच बग म्हणू नका. जीसीसी १४ पासून डिक्लेअर न केलेलं फंक्शन सीमध्ये वॉर्निंग नाही, सरळ एरर आहे. जीसीसी १५ मध्ये सी भाषेचं सी२३ स्टँडर्ड डीफॉल्ट झालं, त्यात फंक्शनचा रिकामा कंस म्हणजे एकही आर्ग्युमेंट नाही, त्यामुळं जुन्या फर्मवेअरमधले रिकाम्या कंसाचे कॉलबॅक (दुसऱ्या कोडनं बोलवायची फंक्शन) कंपाइल होताना धडाधड एरर देतात. स्टँडर्ड आधीच्या जीएनयू१७ वर पक्कं करा आणि मग सावकाश एकेक दुरुस्त करा. माझं मत, हे काम प्री-रिलीजवरच उरकावं, रिलीज आल्यावर डिलिव्हरीच्या आठवड्यात कोण निस्तरणार?

एवढं करून खरंच कंपायलरच कोसळत असेल तर जीसीसीच्या बगझिलावर (बग नोंदवायच्या साइटवर) टाका, पूर्ण व्हर्जन, दिलेली कमांड जशीच्या तशी, आणि सेव्ह-टेम्प्स फ्लॅगनं निघालेली प्रीप्रोसेस केलेली (सगळी हेडर आत ओतलेली) फाइल. ती सी-रिड्यूस या टूलनं बारीक करा, आणि गिऱ्हाइकाचा कोड त्यात उरला नाही हे बघूनच पाठवा.