फ्राइड राइससाठी भात कसा शिजवावा

घरच्या फ्राइड राइसचा गोळा झाला की बोल लागतो तो गॅसला, नाहीतर सोया सॉसला. चायनीजच्या लारीवरची आच आपल्याकडे कुठून येणार, हे म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत रोजचा भात वरण कालवण्यासाठी होतो. कुकरच्या तीन शिट्ट्या, बोटांनी सहज मोडणारं शित, थोडा आसटच. वरणाखाली तो उत्तम. कढईत मात्र तो लारीवाल्याच्या आचेवरही मोकळा होणार नाही.

फ्राइड राइसला शित आतून शिजलेलं पण ताठ आणि बाहेरून कोरडं लागतं. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच.

तांदूळ कोणता

इंद्रायणी आणि आंबेमोहोर बाजूला ठेवा, पुण्याच्या पाहुण्यांनी कितीही प्रेमानं आणलेले असले तरी. चिकटपणा हा त्यांचा गुण आहे आणि इथे तोच नडतो. जीरासर खिचडीत शोभतो. त्याचा बारीक दाणा उलथन्याखाली मोडतो. सुरती कोलम चालतो, मात्र तो जुना हवा. सगळ्यात सोपा मध्यम लांबीचा साधा बासमती. बिर्याणीचा अतिलांब दाणा महाग पडतो आणि परतताना त्याचे तुकडे होतात. केटररवाले पुष्कळदा सेला घेतात. तो साळीतच उकडून मग कांडलेला असल्यानं सहसा मोडत नाही. चव जरा सपाट लागते, पण पन्नास माणसांचं करायचं तर त्याच्यासारखा बिनघोर तांदूळ नाही.

फरक स्टार्चचा आहे. ज्या तांदळात अ‍ॅमायलोज या प्रकारचा स्टार्च जास्त, त्याचा भात सुटा होतो. जिथे ते कमी आणि अ‍ॅमायलोपेक्टिन हा दुसरा प्रकार जास्त, तिथे शितं एकमेकांना धरून बसतात. जुना तांदूळ शिजताना पाणी जास्त पितो, पण आकार सोडत नाही आणि पाण्यात स्टार्चही कमी सोडतो. दुकानात ‘जूना चोखा’ (गुजरातीत जुना तांदूळ) म्हणून मागा आणि मूठभर तळहातावर घेऊन बघा. कणी दिसली तर चाळून घ्या, कारण तुटलेल्या कडांतून स्टार्च सुटतो आणि तोच खळ होऊन बसतो.

आधणाचा भात

प्रमाण २०० ग्रॅम तांदळाचं धरू. शिजून साधारण ५५० ग्रॅम भात होतो. दोघांना भरपूर, तिघांना बेताचा.

तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवा. चोळू नका, बोटांनी फिरवा. पाण्याखालचा दाणा स्वच्छ दिसला की पुरे, पाणी काचेसारखं होईपर्यंत थांबायची गरज नाही. बासमती २० ते ३० मिनिटं भिजवा, सेला तासभर. कोलम न भिजवताही चालतो. भिजवल्यानं पाणी आधीच गाभ्यापर्यंत पोचतं, म्हणून आतलं शिजेपर्यंत बाहेरचं लगदा होत नाही. मग रोवळीत पाच मिनिटं निथळत ठेवा.

मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी, दीड छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस. लिंबानं भात पांढरा दिसतो. तेल घालण्याची बऱ्याच घरांत सवय आहे. ते वर तरंगतं, फेस जरा बसवतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. शितं सुटी करण्याचं काम त्याचं नाही, तेव्हा नाही घातलं तरी चालेल. एवढं पाणी मात्र हवंच. दाण्यातून सुटलेला स्टार्च त्यात पातळ होऊन वाहून जातो. कमी पाण्यात तोच स्टार्च परत दाण्यावर बसतो.

आधण खळखळ उकळल्यावरच तांदूळ वैरा. कोमट पाण्यात घातले तर तळाला बसून चिकटतात. उलथन्याच्या दांड्यानं तळापासून एकदा हलवा आणि मग हात आवरा. आच मोठीच राहू द्या, झाकण ठेवू नका.

भिजवलेला बासमती सहा ते आठ मिनिटांत होतो, न भिजवलेला कोलम नऊ ते अकरा, सेला बारा ते पंधरा. घड्याळ फक्त कधी बघायला लागायचं ते सांगतं. पाचव्या मिनिटापासून दर अर्ध्या मिनिटाला शित काढा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण इथे एक वरचं आणि एक तळाचं, अशी दोन शितं बघा. अंगठा आणि तर्जनीत दाबल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत, पीठ होऊ नये, आणि मधोमध खसखशीएवढा टणक कण बोटाला जाणवावा. तो कण लागतोय तोवरच गॅस बंद करा. राहिलेला कच्चेपणा भात आपल्याच उष्णतेत मुरवतो, आणि पुढे कढईत तो आणखी शिजणारच आहे.

लगेच रोवळीत किंवा मोठ्या चाळणीत ओता. दाबू नका, आपटू नका. दोन मिनिटं नुसतं निथळू द्या. शेजारच्या गुजराती घरात भात असाच ओसावतात, त्यामुळे मोठ्या भोकांची चाळणी बडोद्यात कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते. पेज फेकू नका, आमटीत घाला. मीठ बघून.

गार पाण्याखाली भात धुवावा का? धुतल्यानं वरचा स्टार्च जातो हे खरं, पण त्या बदल्यात प्रत्येक शितावर पाणी चढतं, आणि तेच तर आपल्याला घालवायचं आहे. अर्धा मिनिट जास्त शिजला असेल तर शिजणं थांबवायचा उपाय म्हणून धुवा, एरवी नको.

परातीतली पंधरा मिनिटं

सगळ्यात जास्त भात बिघडतो तो इथे, आणि बिघडतो तो झाकणामुळे. गरम भातातून वाफ निघते, म्हणजे शितावरचं पाणी निघून जात असतं. झाकण ठेवलं की तीच वाफ थेंब होऊन खाली गळते. म्हणून निथळलेला भात मोठ्या परातीत एक बोट जाडीनं पसरा आणि पंखा लावा. पहिली दहा मिनिटं हातही लावू नका. गरम शित फार नाजूक असतं आणि मोडलं की आतला चिकटा बाहेर येतो. मग काट्यानं अलगद उलटवा. पावसाळ्यात दमट हवेमुळे पाच-दहा मिनिटं जास्त धरा. हात फिरवल्यावर तळवा कोरडा राहिला की झालं.

कोमट झाला की परातीसकट फ्रिजमध्ये, पहिला तास उघडाच, मग झाकून. चार तास पुरतात, रात्रभर उत्तम. फ्रिजच्या गारव्यात स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि शित कडक होतं. कढईत तापलं की ते आतून परत मऊ पडतं, पण आकार धरून राहतं. शिळ्या भाताचा फ्राइड राइस चांगला होतो तो यामुळे. घाई असेल तर पंख्याखाली अर्धा तास आणि फ्रीझरमध्ये वीस मिनिटं. रात्रभराची सर येत नाही, पण काम भागतं.

‘शिळा’ म्हणजे ओट्यावर राहिलेला नव्हे. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष पुन्हा परतल्यानं जात नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारचा भात ओट्यावर ठेवून रात्री परतणं म्हणजे आजार ओढवून घेणं. शिजल्यापासून तासाभरात फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

कुकरच वापरायचा असेल तर भिजवून निथळलेल्या एक वाटी बासमतीला सव्वा वाटी पाणी, मोठ्या आचेवर एक शिट्टी, गॅस बंद. पाच मिनिटांनी शिट्टी हळूच उचलून वाफ सोडा आणि लगेच परातीत. दुप्पट तांदूळ घेताना पाणी दुपटीपेक्षा थोडं कमी घ्या. वाफेवाटे जाणारं पाणी तांदळाबरोबर दुप्पट होत नाही.

कढईत

परतण्याआधी बोटांना तेल लावून भाताची ढेकळं फोडा. कढईत उलथन्यानं फोडायला गेलात तर शितं मोडतात.

घरच्या शेगडीवर एका वेळी २५० ते ३०० ग्रॅमच भात. जास्त टाकला की कढई गार पडते आणि भात परतण्याऐवजी वाफवला जातो. लोखंडी कढई हलका धूर येईपर्यंत तापवा (नॉनस्टिक अशी रिकामी तापवू नका), दीड मोठा चमचा तेल, लसूण दहा सेकंद, मग गाजर, फरसबी, सिमला मिरची मिनिटभर. कोबी पाणी सोडतो, तो शेवटी. भाज्या काढून ठेवा, थोडं तेल, मग भात पसरून वीस-तीस सेकंद न हलवता राहू द्या. तडतड ऐकू आली की उलटवा. सोया सॉस दर घाण्याला अर्धा मोठा चमचा, भातावर नव्हे तर कढईच्या कडेनं सोडा, म्हणजे तो तापलेल्या लोखंडावर खरपूस होतो. भाज्या परत घाला, मिरपूड टाका, गॅस बंद करून पातीचा कांदा. भातात मीठ आहे, सॉसमध्येही आहे, तेव्हा वेगळं मीठ चाखूनच.

शितं टणक राहिली तर एक मोठा चमचा पाणी शिंपडून अर्धा मिनिट झाकण ठेवा. इथे तेवढं झाकण चालतं. आणि भात पातेल्यातच मऊ झाला असेल तर कढई काढूच नका: दही, दूध, आलं घालून कालवा, वरून हिंग-मोहरी आणि सांडगी मिरचीची फोडणी. फ्राइड राइस उद्या.