जीवघेणी ॲलर्जी : या चुका टाळा, ॲड्रिनॅलिन आधी द्या

इंजेक्शननंतर पेशंटच्या अंगावर गांधी उठल्या, खोकला लागला, उलटी झाली, की आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत हात आपोआप ॲव्हिल (खाजेचं, ॲलर्जीचं इंजेक्शन) आणि डेक्साकडे (स्टिरॉइड) जातो. ॲड्रिनॅलिन ट्रेमध्ये पडून राहतं, 'अगदीच गरज पडली तर' म्हणून. तालुक्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टी सांभाळताना ही एकच चूक इतक्यांदा पाहिली आहे, की नवीन मेडिकल ऑफिसर रुजू झाला की पहिल्या दिवशी मी हाच विषय काढतो.

ॲनाफायलॅक्सिसमध्ये, म्हणजे अशा जीवघेण्या ॲलर्जीत, रक्तवाहिन्या एकदम सैलावतात आणि त्यांतला द्रव बाहेर झिरपतो. 10 मिनिटांत रक्तद्रवाचा 35 टक्क्यांपर्यंत भाग असा निघून जाऊ शकतो. त्याच वेळी श्वासनलिका आवळतात, घसा आतून सुजतो. ॲव्हिल खाज आणि गांधी कमी करतं. पडलेलं बीपी ते वर आणत नाही आणि श्वासाची वाटही मोकळी करत नाही; ही दोन्ही कामं ॲड्रिनॅलिन करतं. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला काही तास जातात. रिचर्ड पम्फ्री यांनी ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध केला. त्यात श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला काळ अन्नाच्या ॲलर्जीत 30 मिनिटं, मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशात 15 आणि इंजेक्शनच्या औषधांत फक्त 5 मिनिटं होता. म्हणजे ॲव्हिलची वाट बघायला वेळच नसतो.

डोस प्रत्येकाला पाठ हवा. 1 मिलिला 1 मिलिग्रॅम असलेलं ॲम्प्युल, मोठ्या माणसाला त्यातलं अर्धा मिलि, मांडीच्या मधोमध बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 0.3. फरक पडला नाही तर 5 मिनिटांनी पुन्हा. दंडात नको, कातडीखाली नको. मांडीतून औषध लवकर रक्तात पोचतं.

कांदा काढणीच्या दिवसांत एका बाईंना जीपमधून आणलं होतं. कंबरदुखीसाठी एका दवाखान्यात डायक्लोफिनॅक टोचलं, दहा-पंधरा मिनिटांत तळहात खाजायला लागले, मग दोन उलट्या, मग डोळ्यांपुढे अंधारी. तिथे ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि 'मोठ्या दवाखान्यात न्या' म्हणून पाठवलं. आमच्याकडे आल्या तेव्हा वरचं बीपी 70, ओठ सुजलेले, छातीत शिट्टीसारखा आवाज. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने ॲड्रिनॅलिन भरलं होतं, पण ती सिरिंज हातात धरून उभी होती. "सर, पल्स 140 आहे. ॲड्रिनॅलिन दिलं तर हार्टला काही होणार नाही ना?"

ही भीती मला ठाऊक आहे आणि तिनेच माणसं दगावतात. ती नाडी बीपी पडल्यामुळे धावत असते. स्नायूतल्या अर्ध्या मिलिने हृदयाला होणारा धोका हा औषध न देण्याच्या धोक्यापुढे काहीच नाही. सिस्टरने मांडी मोकळी केली, औषध गेलं, सलाईन जोरात सोडलं. दुसरा डोस लागला. त्यानंतर बाईंनी डोळे उघडून "पाणी द्या" म्हटलं.

इथेच दुसरी चूक झाली. बरं वाटतंय म्हणून नवऱ्याने त्यांना लघवीला नेण्यासाठी उठवून बसवलं. चेहरा पांढराफटक पडला, मान कलली, बीपी मशीनवर दिसेना. सिस्टर ओरडल्या, "मावशींना खाली झोपवा आधी!" आडवं करून पाय वर उचलले, सलाईनची दुसरी बाटली लावली, तेव्हा नाडी हाताला लागली.

म्हणून पेशंटला उठू देऊ नका, उभं तर अजिबात करू नका. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि हृदयाला भरायला काही उरत नाही. पेशंट आडवा, पाय वर. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर, गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. धाप लागली असेल तर पाय लांब करून टेकून बसू द्या. लघवीसाठी बेडपॅन द्या. गाडीपर्यंत चालवत नेऊ नका. स्ट्रेचर नसेल तर चादरीत उचला.

पूर्ण ॲम्प्युल शिरेतून एका दमात मारणं ही दुसऱ्या टोकाची चूक. त्याने खरंच हृदयाचा ठोका बिघडतो. मॉनिटर आणि अनुभवी हात नसेल तर शिरेतून नकोच.

'अंगावर पुरळ नाही, म्हणजे ॲलर्जी नाही' हेही चुकीचं. दर दहांतल्या एक-दोघांना कातडीवर काहीच दिसत नाही. ॲलर्जी माहीत असलेली वस्तू पोटात किंवा अंगात गेली आणि बीपी पडलं किंवा श्वास अडला, एवढं पुरेसं आहे. सुईच्या भीतीने चक्कर आलेला माणूस ओळखायला नाडी बघा: त्याची नाडी सहसा मंद असते, अंग गार आणि फिकट, आडवं केलं की लवकर सावरतो.

घरातली नेहमीची चूक म्हणजे 'पित्त उठलंय' म्हणून आमसुलाचं पाणी चोळून झोपवणं. नुसत्या गांधी असतील तर चोळा, माझी हरकत नाही. पण कोळंबी किंवा काजू खाल्ल्यावर गांधींसोबत आवाज बसला, घशात आवळल्यासारखं झालं, वारंवार उलट्या झाल्या किंवा माणूस घाबराघुबरा झाला, तर 108 ला फोन करा. मधमाशी चावली तर लोखंड घासत बसू नका. नांगी मिळेल त्या नखाने ताबडतोब काढा; कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं.

टेस्ट डोसवर भिस्त ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत आलो आहे. कातडीत थोडं टोचलं, गाठ आली नाही, म्हणून पुढचा डोस सुरक्षित ठरत नाही, आणि त्या थेंबानेही रिॲक्शन येऊ शकते. सर्पदंशाची लस घोड्याच्या रक्तापासून बनते, तिला रिॲक्शन पुष्कळदा येते. तिथे टेस्ट डोसने काही कळत नाही, फक्त विषाला वेळ मिळतो. माझी सवय अशी: लस सुरू करायच्या आधी अर्धा मिलि ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून उशाशी ठेवायचं. ट्रेमधल्या ॲम्प्युलची मुदत दर सोमवारी मी स्वतः बघतो. रंग गुलाबी किंवा तपकिरी झाला असेल तर ते फेकायचं.

तासाभरात बरं वाटलं म्हणून घरी सोडणं हा घाईचा प्रकार. काही तासांनी तीच रिॲक्शन दुसऱ्यांदा उसळू शकते. एकापेक्षा जास्त डोस लागले असतील, दम्याचा पेशंट असेल किंवा घर दूरच्या वाडीवर असेल, तर मी रात्रभर ठेवून घेतो, नातेवाईक कितीही मागे लागले तरी.

आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'ड्रग रिॲक्शन' लिहू नका. कोणतं औषध, हे मूळ नावाने, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. डायक्लोफिनॅक वेगवेगळ्या ब्रँडखाली मिळतं, पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीतही येतं, आणि पेशंटला फक्त गोळीचा रंग आठवतो. त्या बाईंच्या नवऱ्याला मी ते नाव कागदावर तीन वेळा लिहायला लावलं, आणि एक कागद त्यांच्या आधार कार्डाच्या पाकिटात ठेवायला सांगितला.