ओली भिंत आणि १५ दिवसांची नोटीस

नाशिकला सिडकोत भाड्याने राहतो. न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप गळत होता. भिंतीला पोपडे, आणि कपाटाच्या खालच्या खणात आईची पैठणी चिंब. जीव तुटला अगदी. घरमालक काका म्हणाले, "राहता तुम्ही, बघा तुम्हीच." पण करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार दुरुस्ती मालकाची. फोटो काढले, रजिस्टर पोस्टाने १५ दिवसांची नोटीस धाडली. मुदत उलटल्यावर प्लंबर बोलावला, पक्कं बिल घेतलं, खर्च भाड्यातून वळता केला. वर्षाला भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच कापता येतो, हे विसरू नका.

पैठणी गेलीच. आता 'भारत गृह रक्षा' विमा नुसत्या सामानाचा काढलाय, भाडेकरूलाही मिळतो. पाइप फुटून झालेलं नुकसान त्यात येतं. हळूहळू मुरलेली ओल नाही.